अमेरिकेतील आपली इमिग्रेशन फाइल सोलापुरातून कशी मागवावी

अमेरिकेत शिकून किंवा नोकरी करून आलेल्या, ग्रीन कार्डासाठी ज्यांच्या नावाने कधीकाळी अर्ज झाला होता अशा, किंवा विमानतळावरूनच परत पाठवल्या गेलेल्या प्रत्येक माणसाचे कागद तिथल्या सरकारकडे साठलेले असतात. ते कागद मागण्याचा हक्क त्या माणसाला आहे. तो अमेरिकेचा नागरिक नसला आणि जुळे सोलापुरातल्या आपल्या घरातून अर्ज करत असला, तरी या हक्कात फरक पडत नाही. १९६६ साली झालेला अमेरिकेचा माहिती स्वातंत्र्य कायदा, ज्याला सर्रास ‘फोया’ म्हटले जाते, तो ‘कोणत्याही व्यक्तीला’ अर्जाची मुभा देतो. आपला २००५ चा माहिती अधिकार कायदा कलम ३ नुसार हा हक्क फक्त भारतीय नागरिकांना देतो, त्या मानाने तिकडचा कायदा उदार आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती मात्र दोन्हीकडे नाही. त्यामुळे अर्ज केल्याने उगाच नजरेत येऊ, या भीतीने गप्प बसण्याचे कारण नाही.

हे काम करून देतो म्हणून हजारो रुपये मागणारे लोक आहेत, आणि त्यासाठी कोर्टाच्या आवारात जाऊन स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा असे सांगणारेही आहेत. या दोन्हींची गरज नाही. सामान्य अर्जदाराला साधारणपणे एक रुपयाही खर्च येत नाही आणि नोटरीचा शिक्काही लागत नाही. त्याचे कारण पुढे दिले आहे. लागतो तो नेमकेपणा. कोणता कागद हवा आहे, तो कोणत्या खात्याकडे आहे, आणि त्या खात्याने आपले नाव व जन्मतारीख कशी नोंदवून ठेवली आहे, या तीन गोष्टींवर सारे काम उभे असते. अर्ज भरणे त्यामानाने सोपे आहे.

फाइलची गरज कोणाला पडते

पहिला मोठा गट एच-१बी व्हिसावर राहून आलेल्या अभियंत्यांचा. कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी आय-१४० हा अर्ज केला, तो मंजूर झाला, पण मंजुरीची सूचना कंपनीच्या आणि तिच्या वकिलाच्या कपाटात राहिली. नोकरी सुटली, माणूस सोलापुरात परतला किंवा पुण्यात स्थिरावला, आणि काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीने पुन्हा बोलावले. आता जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतला आपला क्रम ठरवणारी तारीख, नव्या अर्जाला जोडून घ्यायची तर जुन्या आय-१४० चा पुरावा लागतो. जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार, मंजुरीला १८० दिवस होऊन गेल्यानंतर कंपनीने केवळ अर्ज मागे घेतला म्हणून ती मंजुरी रद्द होत नाही. शिवाय फसवणूक किंवा गंभीर चूक आढळल्यामुळे मंजुरी रद्द झाली नसेल, तर जुनी तारीख सहसा टिकते. भारतीयांची रांग किती लांब आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या एका तारखेचे मोल सांगावे लागत नाही.

दुसरा गट आई-वडिलांचा. मुलाने किंवा मुलीने ग्रीन कार्ड करून दिले, दोन-तीन हिवाळे काढल्यावर तिथे मन रमले नाही, आणि ते गावी परत आले. ग्रीन कार्ड रीतसर परत केले होते की नुसतीच मुदत गेली, विमानतळावर सही केलेला कागद आय-४०७, म्हणजे ग्रीन कार्ड सोडल्याचा फॉर्म, होता की दुसरा काही, हे पुढे कोणालाच नक्की आठवत नाही. पुढे नातवंडांना भेटायला पर्यटक व्हिसा मागताना डीएस-१६० या अर्जात विचारले जाते, की तुमच्यासाठी कोणी कधी स्थलांतराचा अर्ज केला होता का, आणि तुम्हाला कधी व्हिसा किंवा प्रवेश नाकारला होता का. या उत्तरांचा सरकारी नोंदीशी मेळ बसला पाहिजे. आठवणीवर विसंबून उत्तर देण्यापेक्षा आधी नोंद पाहिलेली बरी.

तिसरा गट लहान असला तरी त्याची अडचण सर्वांत गंभीर असते. विमानतळावर अधिकाऱ्यांनी तासन्‌तास प्रश्न विचारले, शेवटी काही कागदांवर सह्या घेतल्या आणि परतीच्या विमानात बसवले. अबू धाबीच्या विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेची तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे काही जण अमेरिकेच्या भूमीवर पाय न ठेवताच परत येतात. प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेतला असे नोंदवले गेले आहे, की तातडीच्या हकालपट्टीचा आदेश निघाला आहे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण पहिल्या वेळच्या हकालपट्टीच्या आदेशाबरोबर साधारणपणे पाच वर्षांची प्रवेशबंदी येते. ज्याने थकव्यात आणि घाबरून सह्या केल्या, त्याला हा फरक कागद हाती आल्यावरच कळतो. अशा माणसाने नवा व्हिसा अर्ज भरण्यापूर्वी नोंदी मागवाव्यात, भरल्यानंतर नव्हे.

कोणता कागद कोणाकडे

‘माझी इमिग्रेशन फाइल’ असे आपण म्हणतो, पण सगळे कागद एका जागी नसतात. आपल्याकडे सातबारा तलाठ्याकडे, मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे असते, तसाच हा प्रकार आहे. चुकीच्या खात्याकडे अर्ज केला तर उत्तर येते, पण त्यात आपला कागद नसतो आणि मधले महिने वाया जातात.

सर्वांत महत्त्वाची ती ‘ए-फाइल’. १ एप्रिल १९४४ पासून अमेरिकेने प्रत्येक स्थलांतरिताच्या नावाने अशी एकत्र फाइल उघडण्याची पद्धत सुरू केली आणि तिला क्रमांक दिला, तो ए-नंबर. पूर्वी ही फाइल आयएनएस या जुन्या इमिग्रेशन खात्याकडे असे. १ मार्च २००३ पासून ते काम गृहसुरक्षा विभागाच्या यूएससीआयएस या खात्याकडे आले. ग्रीन कार्डाचा अर्ज, नागरिकत्वाचा अर्ज, त्यासोबत दिलेले दाखले, मुलाखतीतील अधिकाऱ्याची टिपणे, ग्रीन कार्ड परत केल्याचा कागद, हे सारे यात असते. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतून स्थलांतरित व्हिसा घेऊन गेलेल्यांचे वकिलातीत दिलेले कागदही प्रवेशानंतर याच फाइलमध्ये जमा होतात. ही फाइल कायमस्वरूपी जतन केली जाते.

एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसाचे कंपनीने केलेले अर्ज मात्र ए-फाइलमध्ये असतीलच असे नाही. ते पावती क्रमांकानुसार वेगळे ठेवले जातात आणि कायम जपले जात नाहीत. म्हणून अशा अर्जाची प्रत हवी असेल तर आय-७९७ या, अर्ज मिळाल्याच्या किंवा मंजूर झाल्याच्या सूचनेवरचा तीन इंग्रजी अक्षरे आणि दहा आकडे असा पावती क्रमांक शोधून तोच द्यावा.

प्रवेश आणि निर्गमनाच्या नोंदी, विमानतळावरील चौकशी आणि परत पाठवल्याचे कागद सीबीपी या सीमाशुल्क व सीमासुरक्षा खात्याकडे असतात. यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नुसत्या येण्या-जाण्याच्या तारखा हव्या असतील तर त्याचीही गरज नाही. सीबीपीच्या आय-९४, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीच्या, संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकला की अलीकडच्या वर्षांचा प्रवास तिथल्या तिथे दिसतो. हवाई मार्गाने येणाऱ्यांसाठी पासपोर्टमध्ये टाचला जाणारा आय-९४ चा पांढरा कागद २०१३ पासून जवळपास बंद झाला. त्याआधीच्या प्रवासासाठी तो कागद किंवा फोयाचा अर्ज हाच आधार.

ज्यांचे प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशासमोर चालले, त्यांच्या सुनावणीची नोंद न्याय विभागाच्या ईओआयआर या कार्यालयाकडे असते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांच्या, सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीतील नोंदी आयसीई या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याकडे असतात, मात्र आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशपत्राची जुनी प्रत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून मिळणे अनेकदा अधिक सोपे जाते.

वकिलातीने व्हिसा का नाकारला, याची आतली टिपणे मिळवण्याची आशा ठेवू नये. व्हिसाच्या नोंदी परराष्ट्र विभागाकडे असतात आणि इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२२ च्या ‘एफ’ उपकलमाने त्या गोपनीय ठरवल्या आहेत. आपण स्वतः दिलेले कागद आणि आपल्याला वकिलातीने पाठवलेली पत्रे मिळू शकतात, अधिकाऱ्याचे मत मिळत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठून वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीच्या दारात उभे राहिल्यानेही यात काही बदलत नाही.

भारताच्या बाजूची कागदपत्रे हा वेगळा विषय आहे. आपल्या पासपोर्टच्या फाइलमधील अर्ज किंवा पोलीस पडताळणीचा अहवाल हवा असेल तर आपला माहिती अधिकार कायदाच वापरावा. सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. केंद्र सरकारच्या माहिती अधिकार संकेतस्थळावरून १० रुपये भरून अर्ज करता येतो आणि साधारण मुदत ३० दिवसांची आहे.

नाव, जन्मतारीख आणि ए-नंबर

अर्ज फसतात ते बहुतेक इथेच, म्हणून या भागाला वेळ द्यावा.

आधी ए-नंबर शोधावा. तो सात, आठ किंवा नऊ आकडी असतो. नऊपेक्षा कमी आकडे असतील तर पुढे शून्ये लावून नऊ करतात. ग्रीन कार्डावर आणि कामाच्या परवान्याच्या कार्डावर तो ‘यूएससीआयएस क्रमांक’ म्हणून छापलेला असतो. स्थलांतरित व्हिसाच्या शिक्क्यावर तो ‘रजिस्ट्रेशन नंबर’ या नावाखाली सापडतो. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, काम केलेल्या विद्यार्थ्यांना आपल्याला ए-नंबर आहे याची कल्पनाही नसते, पण त्यांच्या कामाच्या कार्डावर तो असतो. कोपरा कापून परत मिळालेले जुने पासपोर्ट घरात कुठे ठेवले आहेत ते बघावे. जुना व्हिसा, शिक्के आणि त्या काळचा पासपोर्ट क्रमांक तिथेच मिळतो. ए-नंबर सापडला नाही तरी अर्ज करता येतो, पण मग नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आई-वडिलांची नावे यांच्या आधाराने शोध घ्यावा लागतो आणि तिथे आपल्याकडच्या नावांची गंमत सुरू होते.

महाराष्ट्रात नावाच्या मधोमध वडिलांचे किंवा पतीचे नाव येते. आपल्या पासपोर्टमध्ये ते बहुधा ‘गिव्हन नेम’ या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून छापलेले असते. अमेरिकेतल्या एका फॉर्मवर ते मधले नाव म्हणून लिहिले जाते, दुसऱ्यावर पहिल्या नावाला चिकटते, तिसऱ्यावर गळून जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची अडचण दुहेरी असते, कारण तिचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि जुन्या रीतीप्रमाणे काही घरांत पहिले नावही बदललेले असते. सोलापुरातल्या तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांत आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे, आणि तेलुगू व कन्नड उच्चारांप्रमाणे इंग्रजी स्पेलिंग एकाच घरात दोन-तीन प्रकारे केलेले आढळते. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव होते, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिले नाव माहीत नाही, असे छापलेले असते.

यावर उपाय एकच. अमेरिकेशी संबंधित प्रत्येक जुन्या कागदावर नाव जसे छापले आहे तसे, अक्षर न अक्षर, एका वहीत उतरवून घ्यावे. ए-नंबर ज्या कागदावर आहे त्यावरचे नाव मुख्य नाव म्हणून द्यावे आणि बाकीची सारी रूपे ‘वापरलेली इतर नावे’ या रकान्यात भरावीत. आज आधार कार्डावर काय आहे याचा इथे फारसा उपयोग नाही.

जन्मतारखेचेही तसेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि महानगरपालिकेच्या दाखल्यावर दुसरीच तारीख आहे, अशी माणसे आपल्या पिढ्यांत विपुल आहेत. फाइल तयार झाली तेव्हाच्या पासपोर्टवर जी तारीख होती तीच मुख्य तारीख म्हणून द्यावी आणि दुसरीचा उल्लेख अधिक माहितीत करावा. तारीख लिहिताना अमेरिकी पद्धतीने महिना आधी येतो हे विसरू नये. ५ जून ही आपल्या सवयीने लिहिली तर तिकडे ती ६ मे होते. जन्मस्थळाच्या बाबतीत, जुन्या कागदांवर सोलापूरचे इंग्रजी स्पेलिंग ब्रिटिश काळाच्या वळणाने ‘शोलापूर’ असे होणारे असते. आजोळी, म्हणजे अक्कलकोट, बार्शी किंवा पलीकडे विजापूर-कलबुर्गीकडे जन्मलेल्यांच्या बाबतीत गाव बदलते आणि कधी राज्यही. जुन्या पासपोर्टवर जे आहे तेच लिहावे, मग ते आज कितीही जुनाट वाटो.

अर्ज भरताना

यूएससीआयएसकडील अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर खाते उघडून ऑनलाइन करावा. जुन्या लेखांत जी-६३९ हा छापील फॉर्म भरून टपालाने पाठवण्याची पद्धत वाचायला मिळते. ती विसरून ऑनलाइन मार्गच धरावा, कारण उत्तरही त्याच खात्यात येते. खाते स्वतःच्या ईमेलवर उघडावे. एजंटाच्या किंवा सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर उघडलेल्या खात्यात आपले पासपोर्ट, पत्ते, कुटुंबाची माहिती असलेले शेकडो पानांचे दस्तऐवज येऊन पडणार आहेत, हे ध्यानात घ्यावे. त्याच कारणाने उत्तर डाऊनलोड करण्याचे कामही बाहेरच्या संगणकावर करू नये.

ओळखीची खात्री पटवण्यासाठी दोन मार्ग आहेत: नोटरीसमोर सही, किंवा खोटे ठरल्यास शिक्षेस पात्र राहीन अशी स्वतःची घोषणा. या दुसऱ्या मार्गाला अमेरिकेच्या संघीय कायद्याच्या शीर्षक २८, कलम १७४६ चा आधार आहे, आणि देशाबाहेर सही करणाऱ्यासाठी त्या कलमात वेगळा मसुदाही दिलेला आहे. त्या मसुद्यात ‘अमेरिकेच्या कायद्यांनुसार’ हे शब्द असावे लागतात. ऑनलाइन अर्जात घोषणा तयारच असते. दुसऱ्या एखाद्या खात्याला स्वतंत्र पत्र जोडायचे असेल तेव्हा ‘वरील मजकूर खरा व बरोबर आहे, असे मी अमेरिकेच्या कायद्यांनुसार खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून घोषित करतो’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य, तारीख आणि सही एवढे पुरते. नोटरी लागत नाही, तो या कलमामुळे.

अर्ज एका वेळी एकाच व्यक्तीचा असतो. नवरा-बायकोने एकत्र ग्रीन कार्ड मागितले असले तरी दोघांचे अर्ज स्वतंत्र करावेत, आणि आपल्या फाइलमध्ये जोडीदाराची माहितीही उघड व्हावी असे वाटत असेल तर त्याची लेखी संमती जोडावी. वडिलांसाठी मुलगा अर्ज करत असेल तर वडिलांची सही असलेली संमती हवी. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. महानगरपालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर बरोबर असल्याचे भाषांतरकाराचे सहीचे निवेदन सोबत द्यावे.

आता मुख्य रकाना, काय हवे ते. ‘माझ्याबद्दलचे सर्व कागद’ असे लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण यूएससीआयएस साध्या, मोजक्या कागदांची मागणी एका मार्गावर आणि संपूर्ण फाइलची मागणी दुसऱ्या मार्गावर हाताळते. ज्यांची इमिग्रेशन न्यायालयात सुनावणी ठरली आहे त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे आणि त्यासाठी सुनावणीची नोटीस जोडावी लागते. एकच कागद हवा असेल तर त्याचेच नाव लिहावे, उदाहरणार्थ ‘माझ्या नावे अमुक कंपनीने अमुक वर्षी केलेल्या आय-१४० अर्जाची आणि मंजुरीच्या सूचनेची प्रत’. कंपनीने केलेल्या अर्जातही लाभार्थी आपण असल्याने मागणी करता येते. कंपनीचे आर्थिक तपशील मात्र झाकून दिले जातात. नेमके काय झाले हेच ठाऊक नसेल, जसे परत आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत असते, तिथे संपूर्ण ए-फाइल मागणेच योग्य.

शुल्काबद्दल अर्जात ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देण्याची तयारी विचारली जाते, त्याने दचकू नये. व्यापारी हेतू नसलेल्या अर्जदाराला पहिले दोन तास शोध आणि पहिली १०० पाने कायद्यानेच मोफत आहेत, आणि स्वतःच्या फाइलसाठी प्रत्यक्षात बिल येणे विरळा.

वाट पाहण्याचा काळ

अर्ज स्वीकारला की एनआरसी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा. स्थिती पाहणे, पत्रव्यवहार आणि अपील सारे त्यावरच चालते. कायद्याने २० कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि विशेष परिस्थितीत आणखी १० कामाचे दिवस घेता येतात. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे ही मुदत पाळली जात नव्हती. त्याविरुद्ध ‘नाइटिंगेल’ या नावाने ओळखला जाणारा सामूहिक दावा कॅलिफोर्नियात दाखल झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी ए-फाइलच्या अर्जांचा साठलेला ढीग ६० दिवसांत उपसण्याचा आणि पुढे मुदत पाळण्याचा आदेश दिला. त्यानंतर ए-फाइलची उत्तरे पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागली. तरी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख गाठायची असेल तर काही महिने हाताशी ठेवूनच अर्ज करावा. सीबीपी आणि परराष्ट्र विभागाकडून उत्तर यायला त्याहून अधिक काळ लागू शकतो. तातडीने निकाल देण्याची विनंती करता येते, पण जिवाला धोका यासारखे सबळ कारण लागते. लग्न किंवा नोकरीची तारीख जवळ आली, हे कारण बहुधा चालत नाही.

फाइल हाती आल्यावर

येणारी पीडीएफ उलटसुलट क्रमाची असते. एकच पान तीनदा येते, अंधुक छायाप्रती असतात, मध्येच एखाद्या अधिकाऱ्याचे हस्ताक्षर. आधी सोबतचे पत्र वाचावे. किती पाने पूर्ण दिली, किती अंशतः दिली, किती रोखली आणि किती दुसऱ्या खात्याकडे वर्ग केली, याचा हिशेब त्यात असतो. वर्ग केलेल्या पानांचे उत्तर ते खाते स्वतंत्रपणे देते, त्यामुळे फाइल अपुरी वाटली तर आधी हा आकडा पाहावा.

झाकलेल्या मजकुराच्या जागी सवलतीचा, म्हणजे कायद्याच्या ज्या तरतुदीखाली माहिती रोखली तिचा, क्रमांक छापलेला असतो. ‘बी ६’ आणि ‘बी ७ सी’ हे इतर व्यक्तींच्या खासगीपणासाठी असतात. अधिकाऱ्यांची नावे बहुधा याखाली जातात आणि त्यावर डोके फोडण्यात अर्थ नाही. ‘बी ४’ म्हणजे कंपनीची व्यापारी माहिती. ‘बी ५’ म्हणजे निर्णयापूर्वीचा खात्यातील अंतर्गत विचारविनिमय, आणि ‘बी ७ ई’ म्हणजे तपासाच्या पद्धती. मुलाखतीच्या टिपणांतील अख्खी पाने शेवटच्या दोन सवलतींखाली रोखली असतील तर मात्र तिथे प्रश्न उभा करण्यास जागा असते.

परत पाठवले गेलेल्यांनी सीबीपीच्या कागदांत फॉर्मचे क्रमांक शोधावेत. आय-२७५ असेल तर अर्ज मागे घेतल्याची नोंद असण्याची शक्यता मोठी. आय-८६० म्हणजे तातडीच्या हकालपट्टीचा आदेश. आय-८६७ या फॉर्मवर आपण दिलेल्या जबाबाची प्रश्नोत्तरे असतात. ती शांतपणे वाचावीत आणि प्रत्येक पानावर आपली आद्याक्षरे आहेत का ते पाहावे. तिथे आपल्या तोंडी घातलेले एखादे वाक्य आपण बोललो नव्हतो असे दिसले, तर स्वतःच्या मनाने खुलासा पाठवण्यापूर्वी अमेरिकेतील परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला ते पान दाखवावे; या ठिकाणी पैसे खर्च करणे योग्य आहे.

उत्तर न पटल्यास

सर्वांत निराश करणारे उत्तर म्हणजे ‘नोंद सापडली नाही’. बहुतेक वेळा त्याचा अर्थ नोंद नाही असा नसून दिलेल्या नावा-तारखेने ती सापडली नाही असा असतो. वहीत उतरवलेली नावे पुन्हा तपासावीत, राहिलेले एखादे स्पेलिंग किंवा जुना पासपोर्ट क्रमांक सापडल्यास तो घालून नवा अर्ज करावा; त्याला पैसे पडत नाहीत. नावे सारी दिली होती आणि कागद असायलाच हवा अशी खात्री असेल, तर अपील करावे. ‘सापडले नाही’ हा नकारच मानला जातो आणि तो अपिलास पात्र असतो.

अपिलासाठी कायद्याने किमान ९० दिवस दिलेले आहेत. नेमकी मुदत आणि पाठवण्याची जागा उत्तराच्या पत्रात लिहिलेली असते. अपील लांबलचक नसावे. अर्जाचा क्रमांक, पत्राची तारीख, कोणती पाने चुकीने रोखली असे वाटते आणि का, किंवा कोणता कागद अस्तित्वात असल्याचा काय पुरावा आपल्याकडे आहे, एवढे पुरे. ग्रीन कार्डाच्या मुलाखतीचे बोलावणे आपल्याकडे आहे आणि फाइलमध्ये मुलाखतीचे एकही टिपण नाही, तर त्या बोलावण्याची प्रत जोडावी. अशा ठोस विसंगतीवर फाइल पुन्हा शोधली जाण्याची शक्यता वाढते. भावनिक निवेदनाचा इथे उपयोग होत नाही.

मुदत उलटूनही काहीच उत्तर आले नाही, तर कायद्याने अपिलाशिवाय थेट संघीय न्यायालयात जाता येते, पण सोलापुरातून तो मार्ग धरणे खर्चिक आहे. त्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ओजीआयएस या मध्यस्थी कार्यालयाला ईमेल करता येतो. ते खात्याला हुकूम देऊ शकत नाही, पण अडकलेला अर्ज कुठे अडला आहे हे विचारू शकते आणि त्यासाठी पैसे घेत नाही. मात्र नकाराचे पत्र आधीच आले असेल तर अपिलाची मुदत चालूच आहे असे धरून अपील आधी दाखल करावे आणि मग त्या कार्यालयाकडे जावे.